क्रोशाचं पांघरूण

पेट्रोलने भिजलेला एक तरुण हातात लायटर घेऊन मुलांच्या खेळाच्या मैदानात उभा आहे. सार्जंट कॅथरीन केवुड जवळच्या दुकानातून आग विझवायचं नळकांडं घेते, भुवया होरपळू नयेत म्हणून गॉगलही घेते आणि त्याच्यासमोर जाऊन स्वतःचीच ओळख करून देते. वय ४७, घटस्फोट झालेला, हेरॉइनच्या व्यसनातून सावरणारी बहीण सोबत, मुलगी गेली, मुलगा बोलत नाही, घरात नातू. उपदेशाचा एक शब्द नाही.

बीबीसीवरच्या ‘हॅप्पी व्हॅली’ची ही सुरुवात. सॅली वेनराइट यांनी लिहिलेली ही मालिका २०१४, २०१६ आणि २०२३ अशा तीन पर्वांत, १८ भागांत आली. वेस्ट यॉर्कशायरमधलं कॅल्डर नदीचं खोरं अमली पदार्थांनी पोखरलेलं, म्हणून पोलिसांनीच त्याला दिलेलं हे टोपणनाव.

ब्रिटिश गुन्हेमालिकांचा नायक सहसा साध्या वेशातला तपास अधिकारी असतो. कॅथरीनही पूर्वी तपासात होती. मुलीच्या आत्महत्येनंतर तिच्या बाळाला वाढवायचं म्हणून ती परत वर्दीत आली. सार्जंट म्हणजे रस्त्यावर गस्त घालणाऱ्या शिपायांची थेट वरिष्ठ. कोण भेदरलंय, कुणाचं घरी बिनसलंय, हे तिला चेहऱ्यावरून कळतं.

आणि इथेच तिची मोठी चूक होते. कर्स्टन ही तिच्या हाताखालची कोवळी पोलीस. कुणाच्या दमदाटीला बिचकायचं नाही, म्हणून कॅथरीन तिला फैलावर घेते. पोरगी कणखर व्हावी, एवढाच हेतू. पुढे कर्स्टन एकटीच एक व्हॅन अडवते आणि तीच व्हॅन तिला चिरडते. ते खडे बोल कॅथरीनला आयुष्यभर पुरतात. मला या मालिकेचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते इथे: चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकवली जाते, आणि लेखिका कॅथरीनला त्यातून सोडवत नाही.

कर्स्टनचा मारेकरी टॉमी ली रॉइस. स्वतःच्या मुलीच्या मरणालाही कॅथरीन त्यालाच जबाबदार धरते; नातू त्याच्याच बलात्कारातून जन्मलेला. त्याचं नाव निघालं की तिचा तोल सुटतो, घरच्यांवर वार होतात. पहिल्या पर्वाच्या अखेरीस तो हाती लागतो, तेव्हा ती त्याला लाथांनी तुडवते. कॅथरीन साकारणारी सेरा लँकशायर या दृश्यात तिला जराही सुंदर होऊ देत नाही. श्वास नुसता फाटलेला.

शेवटच्या भागात टॉमी तिच्याच स्वयंपाकघरात स्वतःला पेटवून घेतो. ज्याच्या मरणाची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो समोर जळतोय. कॅथरीन हाताला लागलेलं, बहिणीने क्रोशाने विणलेलं पांघरूण त्याच्यावर टाकते.