शेकरू आणि समुद्रलेखणी

ऑस्ट्रेलियांतील कोआलाचें चित्र तुम्हीं पुस्तकांत पाहिलें असेल. पोटाच्या पिशवींत पिलूं वाढविणारा तो वृक्षवासी प्राणी आपल्या रानांत नाहीं. तथापि सारा जन्म झाडावर घालविणारें एक जनावर महाराष्ट्रांतहि आहे. तें शेकरू. त्याच्या अगदीं उलट, समुद्राच्या तळाशीं राहणारा व अंधारांत प्रकाशणारा जीव म्हणजे समुद्रलेखणी. मोठ्या ओहोटीच्या वेळीं ती मुंबईच्या किनाऱ्यावरहि आढळते. या दोघांची तुलना आम्ही येथें करणार आहों.

शेकरू ही मोठ्या खारीची जात असून तें आपला राज्यप्राणी आहे. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं मुख्यत्वें त्याच्याचसाठीं राखण्यांत आलें. तें सहसा जमिनीवर उतरत नाहीं. एका झाडावरून दुसऱ्यावर सुमारें २० फूट झेप घेतें, काटक्यापानांचीं अनेक घरटीं बांधतें व बहुधा एकटेंच हिंडतें.

समुद्रलेखणीस ना डोळे, ना मेंदू. पिसाच्या लेखणीसारखी दिसणारी ती, वाळूंत वा चिखलांत देठ रोवून उभी असते. परंतु खरें नवल हें, कीं ती एक प्राणी नव्हेच. अनेक चिमुकल्या जीवांची ती वसाहत आहे! पहिला जीव आपले बाहू गमावून देठ होतो. कांहीं जीव आठ आठ बाहूंनीं अन्न धरतात. कांहीं केवळ पाणी आंत घेऊन वसाहत ताठ ठेवतात. एकानें मिळविलेलें अन्न इतरांस पोंचतें. तिच्या अनेक जातींत, एका टोंकास स्पर्श होतांच उजेडाची लाट साऱ्या देहावर पसरते.

आम्हां नायगांवकरांस हें परकें वाटूं नये. १९२० नंतरच्या दशकांत येथें बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. एकेका चाळींत ८० खोल्या; नळ, जिना, ओटी सामाईक. रात्रीं एका खोलींत कण्हण्याचा आवाज झाला, कीं साऱ्या मजल्यावर दिवे लागत!

मग शेकरू तरी एकटें आहे काय? नाहीं. झाडांच्या फांद्या एकमेकींस भिडलेल्या असतील तरच त्याची वाट चालते. मधलें झाड तुटलें कीं ती खुंटते.

आतां चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. तेथें प्रत्येकाचें दार निराळें, नळ निराळा. शेकरूप्रमाणें उंचावर राहावयास जातांना शेजारची फांदी तोडूं नये, आणि समुद्रलेखणीचा उजेड विझूं देऊं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.