बेघर तरुण आणि ‘भटकणारा’ हा शब्द

कोणत्याही संस्थेपाशी साहाय्य मागावयास जाणाऱ्या मनुष्यास प्रथम नाव, वय, पत्ता व पालक सांगावे लागतात. ज्या तरुणास घर नाही त्याच्यापाशी यांतील शेवटच्या दोन गोष्टी बहुधा नसतात. मग आपली ओळख तो सांगत नाही. ती त्याला दिली जाते. ज्या शब्दाने ती दिली जाते, त्यावर मानसिक उपचाराचे व समाजकल्याणाचे दार उघडणे वा मिटणे कसे अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९१२ च्या भारतीय वेड्यांविषयीच्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यास असा अधिकार दिला होता की, हद्दीत मोकाट भटकणारा मनुष्य वेडा असल्याचा संशय आल्यास त्याला अटक करावी. १९८७ च्या कायद्यात ‘अटक’ जाऊन ‘संरक्षणाखाली घेणे’ आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर हे संरक्षण पोलिसांचे कर्तव्यच ठरविले; अशा व्यक्तीस कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यावे, असे सांगितले. क्रियापद बदलले, विशेषण मात्र शतक उलटले तरी तेच राहिले. मूळ इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ ‘मोकाट भटकणारा’ असाच होतो, आणि मराठीत ‘मोकाट’ हे विशेषण प्रायः गुरांना लावतात.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. १९५९ च्या मुंबई भीक-प्रतिबंधक कायद्याने भिकाऱ्याची जी व्याख्या केली, तिच्यातही उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी ‘भटकणे’ हे एक लक्षण आहे. म्हणजे, फलाटावर स्वतःशी पुटपुटत बसलेला विशीतला मुलगा एका कायद्याने वैद्याकडे, तर दुसऱ्याने दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास पात्र ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्याची अनेक कलमे रद्द केली, ती गरिबीस गुन्हा ठरविणे अन्याय्य म्हणूनच. समोरचा गणवेश कोणत्या कायद्याने आला आहे हे त्या मुलास कळावयास मार्ग नसतो. तो पळतो, आणि त्याच्याबरोबर उपचाराची संधीही जाते.

वस्तुतः तो भटकत असतोच असे नाही. पुलाखालचा कोपरा, दुकान मिटल्यावरची पायरी, ओळखीची चहाची टपरी अशी त्याची जागा पुष्कळदा ठरलेली असते. मानसिक उपचारास पुनःपुन्हा भेट लागते. तेव्हा कार्यकर्त्याच्या दृष्टीने हाच त्याचा पत्ता होय. ‘भटकणारा’ म्हटले की तो पत्ता पुसला जातो.

यात वयाची भर पडते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षे पुरी होईपर्यंत तो ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ असतो. पुढे एकवीसपर्यंत, अपवादात्मक स्थितीत तेविसापर्यंत, अनुरक्षण मिळू शकते. पण ते संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. जो संस्थेत कधी गेलाच नाही, त्याला ते नाही. अनेक गंभीर मनोविकारांचा आरंभ नेमका याच वयात होतो. आजार सुरू होतो तेव्हाच मायेचा शब्द संपलेला असतो.

येथे अशी शंका येईल की, शब्द बदलल्याने कोणाचे पोट भरते काय? भरत नाही, हे खरे. परंतु २०१७ च्या कायद्याने ‘बेघर’ हा शब्द उच्चारला, आणि शिधापत्रिका वा दारिद्र्याचा दाखला नसतानाही सरकारी वा सरकारी अनुदानावरील संस्थेत विनामूल्य उपचार हा त्याचा हक्क ठरला. केवळ घर नाही म्हणून त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. आप्त नसल्यास समाजकल्याण संचालक वा त्यांचा प्रतिनिधी त्याच्या वतीने उभा राहावयाचा आहे. तेव्हा ‘बरोबर कोण आहे?’ असे विचारून खिडकीवरून परत पाठविणे कायद्यास धरून नाही.

म्हणून क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना कराविशी वाटते. ‘डोकं जड झालंय’, ‘रात्र जात नाही’ असे तो म्हणाला तर प्रथम तेच लिहावे. रोगाचे नाव मागाहून. आणि पत्त्याच्या रकान्यात ‘नाही’ असे न लिहिता तो आज कोठे निजतो ते लिहावे.