कुत्र्यापासून सावध कोणी राहायचे?

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी अशा कोल्हापूरच्या वसाहतींतून सकाळी फेरफटका मारला, तर बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी हमखास दृष्टीस पडते. पाटी लावली की आपले कर्तव्य संपले, अशी मालकाची प्रामाणिक समजूत असते. परंतु त्या पाटीचा अर्थ जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. कुत्रा माझा, त्याच्यामुळे लाभणारे संरक्षण आणि सोबतही माझी. त्याच्यापासून संभवणारा धोका मात्र तुमचा, असा एकतर्फी करारच ती पाटी येणाऱ्याजाणाऱ्यावर लादीत असते. दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, पोस्टमन, धुणीभांडी करणारी बाई यांपैकी कोणीही या करारावर कधी सही केलेली नसते. फाटकाच्या आत पाऊल टाकणे हा त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो.

गेल्या काही वर्षांत कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजला, तो मुख्यतः भटक्या कुत्र्यांच्या संदर्भात. हा गदारोळ अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या; त्यांपैकी पावणेपाच लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होत्या. त्याच वर्षाच्या प्रारंभी भटक्या कुत्र्याने चावा घेतलेल्या एका तरुणीचा, लस टोचून घेऊनही, रेबीजने अंत झाला आणि सारे कोल्हापूर हळहळले. पुढे ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५ या काळात सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांसंबंधी एकापाठोपाठ एक आदेश दिले. शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून ती हटविण्यास सांगितले. या सर्व चर्चेत पाळीव कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी हा विषय मात्र बाजूला पडला. वस्तुतः हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. हौस फिटल्यावर सोडून दिलेला कुत्रा, दिवसभर मोकाट सोडलेला कुत्रा आणि नको असलेली म्हणून चौकात नेऊन ठेवलेली पिले, यांच्यातूनच भटक्यांच्या संख्येत भर पडत असते.

खर्च कोणाच्या माथी?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नात एक जुना परिचित सिद्धांत दिसतो. एखाद्याच्या कृतीचा लाभ त्याला मिळावा आणि तिचा उपद्रव मात्र त्रयस्थाने सोसावा, अशी स्थिती असली की ती कृती समाजाला परवडेल त्यापेक्षा अधिक प्रमाणात व अधिक बेफिकिरीने होते, हे पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात मांडले. कारखान्याच्या धुरासंबंधी जे खरे, ते बेफिकीर मालकाच्या कुत्र्यासंबंधीही खरे आहे.

चाव्याचा खर्च म्हणजे केवळ औषधाचा खर्च नव्हे. जखम तत्काळ साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी लागते. मग ठरलेल्या दिवशी लशीच्या मात्रा घ्याव्या लागतात. जखम खोल असेल तर जखमेतच प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे यांतील काहीही टाळता येत नाही. रोजंदारीवरच्या बाईला दवाखान्याच्या प्रत्येक फेरीसाठी एक खाडा पडतो. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते हे खरे. परंतु ‘मोफत’ याचा अर्थ तिचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून जातात एवढाच. म्हणजे बंगल्यातील कुत्र्याच्या चाव्याचा भुर्दंड एकीकडे मजुरी बुडालेल्या माणसावर आणि दुसरीकडे करदात्यांवर पडतो. ज्याच्या निष्काळजीपणामुळे हे घडले, तो मालक बहुधा दिलगिरी व्यक्त करून मोकळा होतो.

अपघाताची जबाबदारी कोणावर टाकावी, याचे एक व्यवहार्य सूत्र अमेरिकन विधिज्ञ कॅलाब्रेसी यांनी १९७० साली सुचविले होते. जो तो अपघात सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर ती टाकावी. पोस्टमनने कुत्रा टाळायचा तर त्याला नोकरीच सोडावी लागेल. मालकाला मात्र साखळी, तोंडाचे मुसके, फाटकाची भक्कम कडी आणि वेळच्या वेळी लस एवढ्यावर भागते.

हा विचार आधुनिक आहे असेही नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियातील एश्नुन्ना या नगरराज्याच्या कायद्यात, कुत्रा चावरा असल्याची सूचना अधिकाऱ्यांनी देऊनही मालकाने त्याला आवरले नाही आणि त्याच्या चाव्याने माणूस दगावला, तर मालकाने ४० शेकेल चांदी द्यावी असे कलम होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शिंगे किंवा दाढा असलेल्या जनावराच्या तावडीतून माणसाला न सोडविणाऱ्या मालकाला दंड सांगितला आहे. मदतीची हाक ऐकूनही तो आला नाही, तर दंड दुप्पट.

आजचा कायदा काय देतो?

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या २८९ व्या कलमान्वये जनावराबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेली. कैदेची मुदत तीच राहिली. कायदा आहे, पण तो चालतो कसा? मुंबईत २०१० साली रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने एका वृद्धाला चावे घेतले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ साली. वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली पाळीव कुत्र्याने शेजाऱ्याला चावा घेतला. त्याचा निकाल २०२५ साली लागला. पहिल्या खटल्यास तेरा वर्षे लागली, दुसऱ्यास सात. दंडाची रक्कम सरकारजमा होते. जखमीला भरपाई हवी असेल, तर सर्वसाधारणपणे दिवाणी दाव्याची वेगळी वाट धरावी लागते. धुणीभांडी करणारी बाई ती वाट धरील, अशी अपेक्षा करणे ही तिची थट्टाच होय.

मग सोपा उपाय म्हणून धोकादायक जातींवर बंदीची मागणी होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्दबातल ठरविले. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींवर बंदी घातली आणि बत्तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, पाचवी जात यादीत घालावी लागली. नेदरलँड्सने १९९३ साली पिटबुलवर घातलेली बंदी २००८ मध्ये उठविली. यादी कितीही वाढविली तरी यादीबाहेरचा कुत्रा चावायचा राहत नाही. ब्रिटिश कायद्याचा अधिक उपयुक्त भाग निराळाच आहे. कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या अनावर झाल्यास त्याचा मालक गुन्हेगार ठरतो, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ पासून हे तत्त्व खासगी आवारालाही लागू झाले. त्यासाठी मागणी लावून धरणाऱ्यांत तेथील टपाल कामगारांची संघटना होती, ही गोष्ट बोलकी आहे.

मोटारीचा दाखला

आपल्याला यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. मोटारीच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधीच सोडविला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. १९८२ च्या दुरुस्तीने चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यू व कायमच्या अपंगत्वाबद्दल ठरावीक भरपाई देण्याचे तत्त्व स्वीकारले. वाहनाला क्रमांक असतो, क्रमांकामागे मालक असतो आणि मालकामागे विमा असतो. कुत्र्याच्या बाबतीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, कारण कुत्रा कोणाचा हेच नोंदलेले नसते. चावा घेईपर्यंत ‘आमचा’ असलेला कुत्रा चाव्यानंतर ‘गल्लीतला’ होतो, हा अनुभव कोणत्याही पेठेत नवा नाही.

२०२३ च्या प्राणी जननसंख्या नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराचे लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात कुत्र्यांवर कर बसविण्याचा अधिकार आहे. म्हणजे पाया तयार आहे. त्यावर तीन गोष्टी उभ्या करणे शक्य आहे. दरवर्षीच्या रेबीज लशीबरोबरच नोंदणी करून गळ्यात क्रमांकाचा बिल्ला घालणे, ही पहिली. नोंदणी शुल्कातच अल्प हप्त्याच्या सामूहिक विम्याची तरतूद, ही दुसरी. चावा सिद्ध झाला की हयगयीचा पुरावा न मागता उपचार, बुडालेली मजुरी आणि वेदना यांबद्दल ठरावीक भरपाई, ही तिसरी. यासाठी अर्थातच राज्य शासनाला कायदा करावा लागेल. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली कुत्र्याच्या चाव्याबद्दल दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरविली आणि तिची प्राथमिक जबाबदारी शासनावर टाकली. बेवारस कुत्र्यासाठी शासनाने इतके द्यायचे, तर ज्या कुत्र्याला धनी आहे त्याच्या धन्याने त्याहून कमी का द्यावे?

यावर काही आक्षेप संभवतात. रात्री कुंपणावरून उतरणाऱ्या चोरालाही भरपाई द्यायची काय? अर्थातच नाही, अनधिकृत प्रवेश करणारा आणि कुत्र्याला मुद्दाम डिवचणारा यांचा अपवाद कायद्यात सहज करता येईल. मेंढवाड्याबरोबर फिरणाऱ्या धनगराने आणि रानात वस्ती करणाऱ्या शेतकऱ्याने शुल्क कोठून भरावे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यांचा कुत्रा ही हौस नव्हे, उपजीविकेचे साधन आहे. त्यांना शुल्क माफ करून हप्ता शासनाने भरावा. महानगरपालिकेकडे एवढी यंत्रणा कोठे आहे, असेही विचारले जाईल. नोंदणी लशीशी जोडली, तर स्वतंत्र यंत्रणा फारशी लागणार नाही. पशुवैद्याच्या टेबलावरच ती होईल.

हे सारे कुत्र्याच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. आपल्या चुकीची किंमत आपल्यालाच मोजावी लागणार हे ठाऊक असलेला मालक कुत्र्याला वेळेवर लस टोचतो, त्याला वळण लावतो आणि कंटाळा आला म्हणून पंचगंगेच्या घाटावर नेऊन सोडीत नाही. यात कुत्र्याचेही हितच आहे. कोल्हापूर महानगरपालिकेला नोंदणीचा आरंभ करण्यासाठी दिल्लीच्या किंवा मुंबईच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रभागवार लसीकरण शिबिरे घेऊन प्रत्येक पाळीव कुत्र्यासमोर त्याच्या धन्याचे नाव लिहिले, तरी पुढच्या चाव्याच्या वेळी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला दाद कोणाकडे मागायची, एवढे तरी सांगता येईल.