इतिहासात एम.ए. म्हणजे नेमके काय करायचे असते?

गेल्या सत्राच्या पालकदिनाला एका सुभेदारसाहेबांनी मला ग्रंथालयाच्या व्हरांड्यात गाठले. मुलगा बारावीत. एनडीएची लेखी पार पडली, मुलाखतही झाली आणि वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवरून अडला. साहेब म्हणाले, "सर, हा आता म्हणतोय बी.ए. करणार आणि पुढे इतिहासात एम.ए. सनावळ्या पाठ करायला अजून दोन वर्षं घालवायची? त्यात करायचं काय असतं, ते तरी सांगा." मुलगा त्यांच्या मागे उभा होता, सावधानच म्हणा ना. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितले, तेवढ्यात घंटा झाली आणि राहून गेले. त्या वेळी न दिलेले उत्तर इथे लिहितो. आपल्या शाळेत मराठी घरांतली मुले थोडी असली तरी हा प्रश्न त्यांच्यापैकी एकट्याचा नाही.

आधी कागदोपत्री बाजू, कारण वडिलांना तीच आधी हवी असते. एम.ए.ला जायला पदवी लागते. ती इतिहासातलीच हवी असे सर्वत्र नाही. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या विषयाचा पदवीधरही चालतो, फक्त माहितीपत्रक नीट वाचावे. केंद्रीय विद्यापीठांत प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा असते. अभ्यासक्रम नेहमीचा दोन वर्षांचा, चार सत्रांचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यात फरक पडला आहे. तीन वर्षांची पदवी घेतली तर एम.ए. दोन वर्षे, चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एकाच वर्षात एम.ए. करण्याची सोय विद्यापीठे देऊ शकतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. म्हणजे बारावीनंतर दोन्ही वाटांनी पाचच वर्षे होतात. ती कशी वाटायची एवढाच प्रश्न.

आता मोजमाप श्रेयांकांत होते. वर्षाला साधारण चाळीस श्रेयांक. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दर सत्राला बावीस धरून दोन वर्षांचे ८८ होतात. त्यात विषयांच्या पेपरांबरोबर संशोधनपद्धतीचा पेपर, क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. हे श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर इतिहासाला बसू शकतो. किमान दोन वर्षे, जास्तीत जास्त चार. एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास असा तिथला हिशेब. आठ श्रेयांकांचा पेपर म्हणजे २४० तास. रोज पहाटे एक तास बसलात तरी एका पेपराला आठ महिने गेले. स्वाध्यायांना तीस टक्के आणि सत्रान्त परीक्षेला सत्तर टक्के भार असतो, आणि दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षा उत्तम देऊनही स्वाध्याय न दिल्यामुळे अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. आपल्या संचलन मैदानावर एक पाऊल चुकले तर उस्ताद पुन्हा पहिल्यापासून चालायला लावतात, तसेच ते.

एवढे झाले की अर्ज भरता येतो. पण सुभेदारसाहेबांचा खरा प्रश्न वेगळा होता : करायचे काय असते?

सनावळ्या एम.ए.ला कोणी विचारत नाही. त्या तुम्हाला येतात असे धरूनच चालतात. तिथला सर्वांत अवघड पेपर इतिहासलेखनशास्त्राचा; म्हणजे इतिहास कसा लिहिला गेला, कोणी लिहिला आणि कशाच्या आधारावर. हा पेपर मुले टाळू पाहतात, कारण त्यात लढाया नसतात. मला मात्र तोच एम.ए.चा कणा वाटतो. एक उदाहरण देतो.

पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१. तुम्हाला ती ठाऊक आहे. ती तुम्हाला सांगितली कोणी? काशीराज हा शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या छावणीत. त्याने फारसीत लिहिले, तेही जवळजवळ वीस वर्षांनंतर. भाऊसाहेबांची बखर मराठीत आहे, वाचताना अंगावर काटा येतो. पण तीही नंतरची आणि सांगणाऱ्याच्या रागलोभाने रंगलेली. आणि तिसरी साधने म्हणजे त्या मोहिमेच्या काळातली पत्रे : रसद किती उरली, पैसा कुठून येणार, कोण कुठवर पोचला. ही पत्रे वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून मिळवली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. एम.ए.च्या विद्यार्थ्याने या तिन्ही साधनांना एकाच वजनाने तोलायचे नसते. कोण कुठे उभा होता, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, हे विचारायचे असते. बखरीतला संवाद कितीही झणझणीत असला तरी तो तंबूत कोणी टिपून घेत नव्हते. गस्तीवरून परतलेल्या जवानाला तुम्ही हेच विचारता : स्वतः पाहिलेस की कोणी सांगितले? किती अंतरावरून? किती वाजता?

दुसऱ्या वर्षी कालखंड निवडावा लागतो : प्राचीन, मध्ययुगीन किंवा आधुनिक. इथे एक न लिहिलेली अट समोर येते, ती म्हणजे भाषेची. बहुतेक माहितीपत्रकांत ती सापडणार नाही. मराठ्यांच्या इतिहासावर काम करायचे तर मोडी वाचता आली पाहिजे, मध्ययुगासाठी फारसी, गोव्याच्या दफ्तरात शिरायचे तर पोर्तुगीज. आपली मुले महाराष्ट्राबाहेर वाढतात म्हणून मोडी त्यांच्या कामाची नाही, असे समजू नका. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, आणि तिथल्याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ मुलुखात, चोळांच्या मंदिरावर, मराठी! तो वाचायला माणसे लागतात.

मग येतो लघुप्रबंध किंवा संशोधन प्रकल्प. त्याबद्दल मी माझेच सांगतो, कारण खरी परीक्षा तिथेच झाली.

माझ्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशा पाट्या गावोगाव बसवल्या. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. नावे नाहीत, दोन आकडे फक्त. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ त्या दुसऱ्या आकड्यात आहेत, असे आमच्या घरात सांगत. ते मराठा पलटणीत होते, कुतला वेढ्यात उपाशी राहून लढता लढता गेले, असे आजोबा सांगायचे. मी त्यावरच लघुप्रबंध घेतला. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, शरणागती होईतो. हे सगळे मी खात्रीने लिहिले. त्यानंतरच्या प्रकरणात आमचे थोरले आबा कुतला कसे पडले, ते लिहिले. मनापासून लिहिले होते.

मार्गदर्शकांनी ते प्रकरण तांबड्या शाईने आडवे छेदले आणि समासात एकच शब्द लिहिला : आधार?

मला राग आला. आजोबा खोटे बोलतील का? पण शोधायला लागलो. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या. नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधावी लागली, आणि तिथे आपली नावे इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेली. आबांच्या नावाचे दोघे सापडले. एकाच्या गावाचे नाव आमच्या गावासारखे वाटे, पण शेजारच्या तालुक्यातल्या एका गावासारखेही वाटे. त्याची पलटण वेगळी आणि मृत्यूची तारीख कुत पडल्यानंतरची. दुसऱ्याच्या वडिलांचे नाव जुळेना. म्हणजे आबा कुतला लढताना गेले, की कैदेत गेले, की बसऱ्याच्या इस्पितळात तापाने गेले, की मुळात या दोघांपैकी ते नव्हतेच, हे मला सिद्ध करता आले नाही.

सैनिकांची पत्रे तरी पाहावीत म्हटले. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांच्या टपालावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतून निवडलेली पत्रे १९९९ साली डेव्हिड ओमिसी यांनी पुस्तकरूपाने आणली. ती वाचताना कळले की तिथेही चाळण्या आहेत. शिपाई अनेकदा दुसऱ्याकडून लिहून घेई. पत्र उघडले जाणार हे त्याला माहीत असे. आणि आपल्यापर्यंत पोचतो तो अधिकाऱ्याने निवडलेल्या उताऱ्याचा इंग्रजी अनुवाद. शिवाय ती फ्रान्सची. मेसोपोटेमियात गेलेल्या माझ्या माणसाचा आवाज त्यांतून ऐकू येणार नव्हता.

अखेर ते प्रकरण साडेतीन पानांचे झाले. सुरुवात अशी : 'घरात सांगितले जाते की...' पुढे नोंदी काय सांगतात, कुठे जुळतात, कुठे नाही. सुट्टीत ते आजोबांना वाचून दाखवायला मला धीर लागला. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि विचारले, "म्हणजे कागदात ते आहेत का नाहीत?" मी म्हणालो, असतील, पण मला दाखवता येत नाही. ते त्यावर काही बोलले नाहीत. माझा त्या पेपराचा निकाल चांगला लागला, हे मी त्यांना नंतर कधी सांगितलेच नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या साडेतीन पानांवरच जास्त प्रश्न विचारले. वेढ्यावरच्या चाळीस पानांवर एकही नाही. माझ्या मते बरोबर केले; वेढ्याचे मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतून लिहिले होते.

लष्करी इतिहासाकडे ओढा असणाऱ्यांसाठी थोडे अधिक. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सुरुवात १८९१ साली कलकत्त्यात झाली. आता त्यातले पुष्कळ कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, त्यामुळे दूरच्या छावणीत राहणाऱ्यांची मोठी सोय झाली आहे. दिल्लीतच युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे, १८७० साली स्थापन झालेली. तिथे सैनिकी इतिहासाचे ग्रंथालय आहे. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांचे कागद मिळणे आजवर कठीणच होते. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण ठरवले की युद्धांच्या आणि मोहिमांच्या इतिहासाचे संकलन पाच वर्षांत व्हावे आणि कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले व्हावेत. आज नववीत असलेला मुलगा एम.ए.ला पोचेल तेव्हा त्याच्यासमोर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त फायली असतील.

आता पालकांचा उरलेला प्रश्न : पुढे काय? महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट. उच्च माध्यमिक शाळेत शिकवायचे तर एम.ए.बरोबर बी.एड. सैन्याच्या शिक्षण कोअरमध्ये अधिकारी म्हणून जायलाही पदव्युत्तर पदवी लागते. कोणते विषय चालतात ते त्या त्या वेळच्या जाहिरातीत पाहावे, आणि वैद्यकीय निकष तिथेही असतातच. नागरी सेवा परीक्षेला मात्र साधी पदवी पुरते. तिथे इतिहास वैकल्पिक घेता येतो म्हणून कोणी एम.ए. करू नये. एनडीएत जाणाऱ्यांनीही दार बंद समजू नये. प्रबोधिनीतून मिळणारी पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते आणि ती घेऊन पुढे नोकरीत असताना एम.ए. करता येते. घाई असलेल्याने, किंवा घरात लगेच पगार यायला हवा असलेल्याने, नियमित एम.ए. करण्याआधी दोनदा विचार करावा. दूरशिक्षण आहे ते त्याच्यासाठीच.

सुभेदारसाहेबांच्या मुलाला मी नंतर बोलावून घेतले आणि एक काम दिले, तेच ज्याला या वाटेने जायचे आहे त्या प्रत्येकाला देतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तिथली एक पाटी, वीरगळ, देवळातला शिलालेख किंवा घरातला एखादा मोडी कागद शोधा. त्यावर जे आहे ते जसेच्या तसे उतरवा, चुकांसकट. पुसलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे द्या, अंदाजाने भरू नका. मग गावातल्या तीन वडीलधाऱ्यांना विचारा की ते काय आहे, आणि तिघांची उत्तरे वेगवेगळ्या पानांवर लिहा. परत आलात की वही घेऊन या. मंगळवारी आणि गुरुवारी शेवटच्या तासाला मी ग्रंथालयात असतो.