दोनच शक्यता, म्हणून निम्मी?

मध्य आणि मध्यक यांतलं कोणतं माप कधी वापरायचं, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. पगारांची ती यादी आणि तिच्यातला मालकाचा एकच भलामोठा आकडा तुमच्या वहीत सध्या तसाच राहू द्या. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकांचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमलं नाही.

बाईंनी दहावीच्या वर्गात संभाव्यतेचं सूत्र शिकवलं: घटनेतल्या निष्पत्तींची संख्या भागिले नमुना अवकाशातल्या निष्पत्तींची संख्या. नाणं झालं, फासा झाला, पत्त्यांचा जोड झाला. मग एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही. निष्पत्ती दोनच. म्हणजे पावसाची संभाव्यता एक द्वितीयांश." बाई म्हणाल्या, तसं नसतं. मुलगी म्हणाली, का नसतं? सूत्रात तर बरोबर बसतंय. बाईंनी "निष्पत्ती समसंभाव्य नाहीत" असं उत्तर दिलं. पण त्या लिहितात, की ते मुलीला पटलं नाही आणि त्यांचं स्वतःचंही समाधान झालं नाही.

या मुलीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. तिला जेवढं शिकवलं होतं तेवढं तिने चोख वापरलं. उणीव शिकवण्याच्या क्रमात आहे, आणि ती केवळ या बाईंच्या वर्गातली नाही. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात संभाव्यतेच्या प्रकरणात यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, समसंभाव्य निष्पत्ती, नमुना अवकाश अशा व्याख्या एकापाठोपाठ येतात. मग सूत्र येतं आणि लगेच उदाहरणांची रांग लागते. 'समसंभाव्य' ही व्याख्या तेवढ्यापुरती वाचली जाते. पुढच्या प्रत्येक उदाहरणात नाणं खरं असतं, फासा खरा असतो, पत्ते नीट पिसलेले असतात. निष्पत्ती समान आहेत का, हे तपासायची वेळ मुलांवर कधी येतच नाही. जी अट कधी मोडलेली पाहिली नाही, ती अट आहे हे मुलांच्या ध्यानात राहणार कसं?

बाई साताऱ्याच्याच असल्यामुळे एक प्रश्न हाताशी आहे. जुलैतल्या एखाद्या दिवशी महाबळेश्वरात पाऊस पडेल किंवा पडणार नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या दिवशी माण तालुक्यात पाऊस पडेल किंवा पडणार नाही. दोन्हीकडे निष्पत्ती दोनच, म्हणून दोन्हीकडे निम्मी-निम्मी? वर्गातली सगळी पोरं एकदम 'नाही' म्हणतील. म्हणजे असमानतेची जाण त्यांना आधीपासून आहे, सूत्र हाती आल्यावर ती बाजूला पडते. एवढं बोलणं सूत्राच्या आधी झालं, तर सूत्रातला छेद नुसता मोजून भरायचा नसतो हे त्यांना कळेल.

हीच घसरण झालेला एक फार मोठा माणूस आहे. झाँ द'अलांबेर. गतिशास्त्रात त्याच्या नावाचं तत्त्व आहे आणि फ्रेंच विश्वकोशाच्या दोन संपादकांपैकी तो एक. त्या विश्वकोशात 1754 साली छापा-काट्यावर त्याची एक नोंद आली. प्रश्न साधा होता: नाणं दोनदा उडवायचं, निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? त्या काळचे गणिती तीन चतुर्थांश असं उत्तर देत. द'अलांबेरचं म्हणणं होतं, की पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला, दुसरी फेक कशाला करायची? म्हणजे शक्यता तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर दोन तृतीयांश.

ही नोंद मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्याच्या तीन शक्यतांच्या यादीत काहीच सुटलेलं नाही आणि काही दोनदाही आलेलं नाही. यादी बिनचूक आहे. फक्त पहिली शक्यता बाकीच्या दोघींच्या दुप्पट वजनाची आहे. पहिल्या फेकीत छापा निम्म्या वेळा पडणार. उरलेल्या निम्म्यातच दुसऱ्या दोघींचे वाटे. सहा दशकांनी, 1814 साली, लाप्लासने संभाव्यतेवरच्या आपल्या तात्त्विक निबंधात द'अलांबेरचं नाव घेऊन हा मुद्दा निकालात काढला. त्याच निबंधात त्याने आपलं हे सूत्र सांगितलं, पण त्यातली प्रकरणं 'समान शक्य' असली पाहिजेत ही अट सूत्राच्या आत घालूनच. ती समान नसतील तर आधी प्रत्येकाची शक्यता वेगळी ठरवा, आणि हे ठरवणं या शास्त्रातल्या सगळ्यात नाजूक कामांपैकी एक आहे, असं त्याने पुढे बजावलं आहे. आपण वर्गात सूत्र घेतलं आणि बजावणं सोडून दिलं.

वर्गात द'अलांबेरला फळ्यावर खोडू नका, त्याची परीक्षा घ्या. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा 'दोन फेकींचा' खेळ केला की चारशे खेळ होतात. त्याचं खरं असेल तर साधारण 267 खेळांत छापा दिसायला हवा. तीन चतुर्थांश खरं असेल तर 300 च्या आसपास. चारशे खेळांत नशिबाने पडणारा फरक बहुतेक वेळा अठराच्या आत राहतो, त्यामुळे निकालात संदिग्धता क्वचितच उरते. वीस मिनिटांत होणारा हा प्रयोग आहे. अठरा हा आकडा आला कुठून, हे प्रमाण विचलनाच्या लेखांकात पाहू.

गॅलिलिओची गोष्टही याच घरातली. त्याच्याकडे प्रश्न आला होता तो तीन फाशांचा. बेरीज नऊ येण्याच्या जुळण्या सहा आणि दहा येण्याच्याही सहाच, तरी जुगाऱ्यांना अनुभवाने दहा जास्त वेळा येते असं वाटायचं. गॅलिलिओने फासे वेगवेगळे धरून मोजलं, तर 216 पैकी नऊचे 25 प्रकार आणि दहाचे 27. तीन-तीन-तीन एकाच प्रकारे पडतं. दोन-तीन-चार सहा प्रकारांनी. ज्यांच्या वर्गात दोन नाण्यांच्या वेळी "छापा-काटा आणि काटा-छापा एकच की" असं ऐकू येतं, त्यांनी एक नाणं रुपयाचं आणि दुसरं पाच रुपयांचं घ्यावं. फार समजवावं लागत नाही.

आता माझ्या आवडीच्या वस्तूंकडे येतो: कवडी आणि चिंचोका.

नाण्यात आणि फाशात समानता आकारातच असते. त्यामुळे मुलांना वाटतं, की संभाव्यता नेहमी नुसत्या विचाराने काढता येते. कवडी हातात द्या. एक बाजू फुगीर, दुसरी चपटी, तिच्यावर दात असलेली चीर. टाकली की ती उताणी किंवा पालथी पडते. निष्पत्ती दोनच. पण निम्मी-निम्मी म्हणायला कुणाची जीभ सहज वळत नाही, कारण दोन बाजू सारख्या नाहीत हे डोळ्यांना दिसतं. मग जास्त वेळा उताणी पडेल की पालथी? वर्गात हात वर करायला सांगा, मतं फुटतात. कुणी म्हणतं चपटी बाजू जमिनीवर टेकून बसेल, कुणी म्हणतं फुगीर बाजू जड म्हणून ती खाली जाईल. दोन्ही बाजूंनी तर्क चालतो आणि आकडा कुठूनच निघत नाही. या क्षणी संभाव्यतेसाठी प्रयोग का लागतो, हे मुलांना आतून कळतं. ड्रॉइंग पिनने हेच साधतं, पण ती बोटांत घुसते आणि तिला आजीच्या पटाची ओळख नसते.

पंचविशीच्या खेळात सहा कवड्या असतात आणि किती उताण्या पडल्या त्यावर दान ठरतं. गावोगाव नियम बदलतात. एका रूढ पद्धतीत सहाही उताण्या पडल्या तर सहा आणि सहाही पालथ्या पडल्या तर पंचवीस. कवडी निम्मी-निम्मी असती तर ही दोन्ही दानं सारखीच दुर्मीळ, 64 फेकींत सरासरी एकदा. मग एकीला सहा आणि दुसरीला पंचवीस का? खेळ रचणाऱ्यांना कवडीचा कल हाताला जाणवला होता, की पंचवीस हा नुसता खेळाचा अलंकार? मी मुलांना उत्तर सांगत नाही. सहा कवड्या आणि एक वही देतो.

शाळेला मात्र चिंचोकाच सोयीचा. कवड्या विकत आणाव्या लागतात, चिंचोके कुठल्याही घरात सापडतात. मधोमध फोडला की एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने तपकिरी, आणि पटावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. वर्गाचे पाच गट करा, प्रत्येक गटाला एकच अर्धा चिंचोका द्या. एकच, कारण प्रत्येक चिंचोक्याचा स्वभाव वेगळा. दहा चिंचोक्यांच्या फेकी एकत्र केल्या तर आपण नेमकं काय मोजलं ते कळत नाही. फेकायची पद्धतही ठरवून घ्या: वाटीत खुळखुळवून वीतभर उंचीवरून फरशीवर. चटईवर टाकला तर तो दुसरा प्रयोग झाला. दोनशे फेकी करा. दहा, वीस, पन्नास, शंभर आणि दोनशे फेकींनंतर पांढऱ्याचं प्रमाण लिहून आलेखात टिंब मारा. सुरुवातीची टिंबं सैरावैरा असतात, पुढे रेषा शांत होत जाते. दोनशेला प्रमाण साधारण सात टक्के इकडे-तिकडे एवढ्या भरवशाचं असतं. हा फरक निम्मा करायचा तर फेकी दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. मुलांना हे अन्यायाचं वाटतं आणि त्यावर हमखास चांगला वाद होतो.

जॉन केरिकचं नाव इथे घ्यायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा हा गणिती 1940 च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कात सासुरवाडीला आलेला असताना जर्मनांनी तो देश व्यापला, आणि तो स्थानबद्धतेच्या छावणीत अडकला. तिथे त्याने एका सोबत्याच्या मदतीने नाणं दहा हजार वेळा उडवलं. छापे पडले 5067. हा आकडा पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा छापलेला असतो. पण केरिकने एक लाकडी चकतीही घेतली होती, तिच्यावर शिसं चढवून मुद्दाम असमान केलेली, आणि तीही उडवून नोंदी ठेवल्या. ही दुसरी चकती पुस्तकांत क्वचित भेटते. माझ्या लेखी तीच जास्त मोलाची आहे. आपण निम्म्याची अपेक्षा ठेवून 5067 पाहतो तेव्हा 'हं, आलंच की' म्हणून पुढे जातो. शिशाच्या चकतीला आधी ठरलेलं उत्तरच नाही. जे कळतं ते फेकूनच कळतं.

चिंचोक्याचं प्रमाण हाती आल्यावर पुन्हा द'अलांबेरकडे जाता येतं. समजा एका गटाचा चिंचोका शंभरात साठ वेळा पांढरा पडतो. तोच दोनदा टाकला तर निष्पत्ती चार, पण त्या सारख्या नाहीत: दोन्ही वेळा पांढरा 0.36, पांढरा-तपकिरी 0.24, तपकिरी-पांढरा 0.24, दोन्ही वेळा तपकिरी 0.16. निदान एकदा पांढरा येण्याची संभाव्यता 0.84. इथे निष्पत्ती मोजून भागत नाही, त्यांची वजनं मिळवावी लागतात. फेकण्याआधी प्रत्येक गटाने आपल्या प्रमाणावरून भाकीत वहीत लिहावं आणि मग शंभर जोड्या टाकाव्यात. समोर 84 च्या जवळपासचा आकडा उगवतो तेव्हा गुणाकाराचा नियम मुलांना आपल्या कष्टाचा वाटतो. हा नियम दहावीला नाही, हे मला माहीत आहे. तरीही एक तास द्या.

आणि पावसाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला पुढचं काम द्या. पहिला प्रश्न तिनेच सोडवायचा: पाऊस पडला असं कधी म्हणायचं? चार थेंब पुरेत? हवामान खात्याच्या हिशेबात 24 तासांत 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस. मग तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी मिळवून, समजा दहा वर्षांच्या जुलैचे 310 दिवस घेऊन, त्यातले पावसाचे दिवस मोजायचे. तेवढं झालं की ती नक्की विचारेल, की आज पडला असेल तर उद्याचा अंदाज बदलायचा का. बदलायचा. कसा, ते तिला त्याच 310 दिवसांतून काढता येईल: ज्या दिवसांच्या आदल्या दिवशी पाऊस होता, तेवढेच वेगळे काढून पुन्हा मोजायचे.

तिची मोजणी झाली की बाईंनी मला जरूर कळवावी. पगारांची यादी पुढच्या आठवड्यात.