तळ्यातला पंगास : स्वस्त खरा, पण पारखून घ्या

रविवारी मुलांनी मासळीचा हट्ट धरला की घर चालवणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो. पापलेट-सुरमईचा भाव ऐकूनच माणूस पुढच्या पाटीकडे वळतो. तिथे एक राखाडी, गुळगुळीत, खवले नसलेला मोठा मासा दिसतो आणि त्याचा भाव परवडतो. पण शेजारीण नाक मुरडते, "तो तळ्यातला, त्याला चिखलाचा वास येतो. काय खाऊन वाढलाय कोण जाणे!" तिच्या बोलण्यात थोडे खरे आहे आणि थोडा गैरसमजही आहे.

मासा ओळखा

बाजारात असे बिनखवल्यांचे, मिशांचे दोन मासे येतात. एक पंगास. हा मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यातला. १९९५-९६ च्या सुमारास तो बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आला. आज आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत त्याची मोठी पैदास होते. हॉटेलात 'बासा' म्हणून मिळणारे पांढरे, बिनकाट्याचे तुकडे बहुतेक याच जातीचे असतात. हा मासा खुशाल खावा.

दुसरा 'थाई मांगूर'. नाव थाई असले तरी तो मूळचा आफ्रिकेतला. त्याच्या पैदाशीवर आपल्या देशात बंदी आहे. काही ठिकाणी त्याला कत्तलखान्यातली घाण आणि सडके मांस घालून घाणेरड्या तळ्यांत वाढवतात. नदीत शिरला तर तो आपल्याकडचे मासे फस्त करतो. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिल्यावर २०२० मध्ये महाराष्ट्रातही असे मासे शोधून नष्ट करण्यात आले. तरीही तो चोरून विकला जातो आणि स्वस्त म्हणून कष्टकऱ्यांच्याच वस्तीत खपतो. म्हणून डोळे उघडे ठेवायचे ते आपणच.

खूण सोपी आहे. मांगूरच्या पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग असतो आणि तोंडाभोवती लांब मिशांच्या चार जोड्या असतात. पंगासच्या पाठीवर पुढे एक छोटा उभा पर असतो, पोट चंदेरी असते आणि मिशा आखूड असतात. आपला देशी मांगूर चांगला, पण तो लहान आणि महाग असतो. किलो-दोन किलोचा मांगूर स्वस्तात मिळत असेल, तर घेऊ नका.

कल्ले लाल असावेत आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. मासळी बाजारहाटाच्या शेवटी घ्या, म्हणजे ती उन्हात फिरणार नाही.

वास कसा घालवावा

चिखलाचा वास येतो तो तळ्यातल्या शेवाळामुळे आणि सूक्ष्म जंतूंमुळे. तो माशाच्या चरबीत मुरतो. म्हणून पोटातली पिवळी चरबी आणि आतली काळी पातळ साल काढून टाका. जाड मीठ चोळून बुळबुळीतपणा घालवा आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग हळद, मीठ आणि एका लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा. आंबटाने हा वास कमी होतो.

रस्सा (पाच माणसांसाठी)

पंगासचे तुकडे १ किलो, कांदे २, सुके खोबरे अर्धी वाटी, लसूण १०-१२ पाकळ्या, आले १ इंच, मूठभर कोथिंबीर, लाल तिखट २ चमचे, काळा मसाला १ चमचा, सुपारीएवढी चिंच, तेल ३ चमचे, चवीपुरते मीठ.

कांदा-खोबरे भाजून आले, लसूण, कोथिंबिरीसह बारीक वाटा. तेलात वाटण परतून तिखट व काळा मसाला घाला. तेल सुटले की तीन वाट्या गरम पाणी आणि चिंचेचा कोळ घाला. रस्सा खळखळून उकळला की मगच तुकडे सोडा. मंद आचेवर दहा-बारा मिनिटे पुरतात. हे मांस मऊ असते, त्यामुळे पळीने ढवळू नका, फडक्याने पातेले धरून हलवा. मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटले की मासा शिजला. भाकरी किंवा भात, दोन्हींबरोबर चालतो.

मुलांना व म्हाताऱ्यांना

पंगासला मधला मोठा काटा असतो, बारीक काटे फार कमी. त्यामुळे लहान मुलांना व दात नसलेल्या आजी-आजोबांना तो सोयीचा. शंभर ग्रॅममागे साधारण १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र हृदयाला उपयोगी असणारे तेल बांगडा व तारलीत जास्त असते. ते स्वस्त मिळतील त्या आठवड्यात तेच आणा.

आणि एक सांगणे. मासा आणणे, साफ करणे, वाटण वाटणे आणि शेवटी उरलेला रस्सा खाणे, हे सारे एकट्या बाईच्याच वाट्याला का? मासा साफ करायला घरधन्याने बसावे, वाटण मुलाने वाटावे. आणि मधला चांगला तुकडा एक रविवार तरी आईच्या ताटात पडू द्यावा.