पॉलिहाऊसच्या बेडमधले जिवाणू

तळेगाव दाभाडे परिसरातल्या जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये तांबडी माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळून बेड भरतात. त्यातला नत्र पिकाला मिळतो तो जिवाणूंमुळे. नायट्रोसोमोनास अमोनियमचे नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर त्याचे नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे काम उलगडले. २५ ते ३० अंश तापमान आणि वाफसा असला की ते झपाट्याने चालते.

लागवडीआधी रसायनाने माती निर्जंतुक केली की रोगट बुरशीबरोबर हे उपयोगी जिवाणूही मरतात आणि कित्येक आठवडे सावरत नाहीत. तोवर दिलेल्या युरियाचा अमोनिया साचत राहतो. सकाळी पॉलिहाऊसमध्ये शिरताना नाकाला झोंबणारा वास आला, कोवळ्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या, तर खत वाढवू नका. आधी बाजूचे पडदे वर करा. उलट ड्रिप जास्त चालून बेड चिबडला, तर दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करतात आणि विकतचे खत हवेत जाते.

निर्जंतुकीकरणानंतर बेडमध्ये चांगले कुजलेले शेणखत जरूर मिसळा आणि सुरुवातीचा नत्र कॅल्शियम नायट्रेटमधून, थोडा थोडा द्या.